पायाळू बाळ आणि आईच्या कंबरेवरचा उपचार

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यावी, ही आपल्याकडची जुनी समजूत. अमेरिकेत नेमके उलटे घडते. पोटातले बाळ पायाळू आहे असे कळले की काही गर्भवती स्वतःच्या कंबरेवर उपचार करून घ्यायला कायरोप्रॅक्टरकडे जातात.

लॅरी वेबस्टर या अमेरिकी कायरोप्रॅक्टरच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी नीट हलत नसेल, तर गर्भाशयाला आधार देणारे अस्थिबंध ताणले जातात आणि बाळाला वळायला जागा उरत नाही, अशी यामागची कल्पना. म्हणून त्रिकास्थीला हलका झटका आणि ओटीपोटाच्या एका बाजूला हळुवार दाब देतात. बाळाला थेट फिरवत नाहीत.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८२ टक्के यशाचा दावा होता. मात्र ही माहिती उपचार करणाऱ्यांनीच प्रश्नावलीत भरली होती, आणि बहुतेकांनी प्रश्नावली परतच पाठवली नाही. तुलनेसाठी उपचार न घेतलेल्या स्त्रियाही नव्हत्या.

ही तुलना का महत्त्वाची? अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चार-पाच बाळांपैकी एक पायाळू असते. दिवस भरताना हे प्रमाण शंभरात तीन-चार उरते. म्हणजे बहुतेक बाळे आपोआप वळतात. आठव्या महिन्यात केलेल्या कोणत्याही उपायाला त्याचे श्रेय मिळू शकते. कंबरदुखीला आराम पडेलही, पण त्याने बाळ वळते हे सिद्ध झालेले नाही.

चाचण्यांवर उतरलेला उपाय वेगळा आहे. छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात प्रसूतितज्ज्ञ पोटावरून हातांनी बाळ फिरवतात. सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि गरज पडल्यास सिझेरियनची सोय, असे सगळे जवळ ठेवूनच हे करतात. साधारण निम्म्या वेळा यश येते. वार खाली असेल, जुळी असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल, तर मात्र हा उपाय सहसा करत नाहीत.

म्हणून पस्तिसाव्या आठवड्यानंतरही बाळ पायाळू असेल, तर इतर उपायांत दिवस घालवू नयेत. बाळ फिरवून पाहायचे, सिझेरियन करायचे की अनुभवी हातांखाली नैसर्गिक प्रसूती, हे डॉक्टरांशी वेळेत ठरवावे. आणि पाणी गेले तर कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे; पायाळू बाळात नाळ आधी खाली सरकण्याचा धोका अधिक असतो.