फुलवाली, प्रोफेसर आणि आपले नागपूर

बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ आपल्याकडे बहुतेकांनी वाचण्याआधी पाहिलेले असते, आणि तेही दुसऱ्याच रूपात. कुणी ऑड्री हेपबर्नचा ‘माय फेअर लेडी’ (१९६४) पाहिला, कुणी देव आनंदचा ‘मनपसंद’ (१९८०). मराठी रसिकाला तर १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तली भक्ती बर्वे यांची मंजुळा आठवते. गोष्ट सर्वांना पाठ आहे. रस्त्यावर फुले विकणारी गावंढळ पोर, उच्चारशास्त्राचा तिरसट प्राध्यापक, आणि काही महिन्यांत तिची बाईसाहेब करून दाखवण्याची पैज. मग मूळ पुस्तक वाचायचे कशाला? इतरांचे सोडा, नागपूरकराने तरी ते जरूर वाचावे.

पुस्तकात पहिली गंमत भेटते ती पहिल्याच अंकात. एलायझाचे लंडनी बोलणे शॉ इंग्रजी अक्षरांत जसेच्या तसे लिहू पाहतो आणि दोनचार ओळींतच हात टेकतो. कंसात वाचकाची माफी मागून मोकळा होतो. प्रेक्षकाला हे कळायचे कसे? शॉला त्या लिपीचा इतका राग, की नव्या वर्णमालेसाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले. आपली देवनागरी त्या मानाने भाग्यवान. मंजुळा बोलेल तसे लिहिता येते.

दुसरा धक्का मोठा आहे. चित्रपटात सर्वांना आवडणारी शिकवणी आणि तो झगमगता समारंभ मूळ नाटकात जवळजवळ नाहीच! ते प्रवेश १९३८ च्या चित्रपटाच्या निमित्ताने आले आणि १९४१ च्या आवृत्तीत छापले गेले. मूळ चौथा अंक उघडतो तो पैज जिंकल्यानंतर, मध्यरात्री. दोघे पुरुष एकमेकांचे अभिनंदन करतात, कंटाळा आला होता म्हणतात, आणि जिने पैज जिंकून दिली ती कोपऱ्यात उभी. तिच्याशी कुणी अक्षर बोलत नाही. मग ती प्राध्यापकाच्या अंगावर सपाता भिरकावते. आता माझे काय होणार, हा तिचा प्रश्न आहे. फुले विकायला परत जाता येत नाही, आणि बाईसाहेबांच्या जगात पोटापाण्याचे साधन नाही.

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. बर्डीवर “काहून बे, काय करून राहिला?” असे प्रेमाने विचारणारा पोरगा पुण्याला शिकायला जातो. तिथे त्याच्या ‘करून राहिलो’ला हशा पिकतो. महिन्याभरात तो ‘मले-तुले’ गिळायला शिकतो. दिवाळीला घरी आल्यावर चुकून ‘मला’ म्हणाला, की आजी म्हणते, “मोठा पुनेकर झाला रे!” तिथे हसू, इथेही हसू. त्याला कुणी पैजेवर नेलेले नसते, एवढाच फरक. वास्तविक मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपूरला रचले. तेव्हा शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते, हे ठरवणारे आले कुठून?

शेवटाची कथा तर वेगळीच. एलायझा आणि प्राध्यापकाचे जुळावे, ही लोकांची हौस जुनी. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात प्राध्यापकाचे काम करणारा बीरबोम ट्री पडदा पडता पडता तिच्याकडे फुले फेकू लागला, शॉ संतापला. चिडून त्याने १९१६ च्या पुस्तकाला लांबलचक पुरवणी जोडली. पण १९३८ च्या चित्रपटात ती अखेर परत येतेच! त्याच चित्रपटाच्या पटकथेबद्दल शॉला ऑस्कर मिळावे, हा विनोद त्याच्या नाटकात शोभला असता.

ती पुरवणी कोणत्याच पडद्यावर दिसत नाही. तीत एलायझा फ्रेडी नावाच्या निरुद्योगी, पण तिच्यावर जीव टाकणाऱ्या तरुणाशी लग्न करते आणि फुलांचे दुकान थाटते. दुकान चालत नाही. नवराबायको हिशेब शिकायला वर्गात जातात. कर्नलसाहेब वारंवार पैसे पुरवतात. अखेर फुलांच्या जोडीला भाजीही ठेवल्यावर कुठे दुकानाला बरकत येते.