वाकलेली पाठ

उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेचे पाणी तांब्यात घेऊन सावकाश पायऱ्या चढणाऱ्या वृद्ध स्त्रिया नित्य दिसतात. त्यांतील काहींच्या पाठीला पोक आलेले असते. ‘वय झाले, पाठ वाकायचीच,’ असे म्हणून घरची माणसे तो प्रश्न मिटवितात. परंतु पुष्कळदा हे वाकणे वयाचे नसते. ते मोडलेल्या मणक्यांचे असते.

हाड वरून तसेच दिसले तरी उतारवयात त्याच्या आतील जाळी विरळ होते. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर ही झीज वेगाने होते. मग वाकून घागर उचलली किंवा जोराची शिंक आली, एवढ्यानेही मणका चेपतो. अशा अस्थिभंगांपैकी सुमारे दोनतृतीयांश डॉक्टरांच्या नजरेस येतच नाहीत. फडताळाच्या वरच्या खणापर्यंत हात पोहोचेनासा झाला, तर उंची घटल्याची ती खूण समजावी.

मणका चेपल्यावर महिनोन्महिने अंथरुणास खिळून राहावे, हा समज घातक आहे. निजून राहिल्याने हाडे व स्नायू अधिकच दुबळे होतात. वेदनाशामक औषध, थोडे दिवस विश्रांती व मग हळूहळू हिंडणे-फिरणे, हाच योग्य क्रम होय. पाठ रगडून घेऊ नये; पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. मात्र पायांतील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मणक्यात सिमेंट भरण्याची क्रिया १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम झाली. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती लुटुपुटीच्या क्रियेहून सरस ठरली नाही. म्हणून ती सरसकट करीत नाहीत.

दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असे मात्र नव्हे. एक मणका मोडल्यावर वर्षभरात दुसरा मोडण्याचा संभव सुमारे पाचांत एक असतो. म्हणून डेक्सा यंत्राने हाडांची घनता मोजून घ्यावी. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या जोडीला डॉक्टर हाडांची झीज रोखणारे औषध देतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर गिळावी व त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

घाटाचा एक चिरा खचला, तर जाणता गवंडी तेवढाच चिरा बसवून परतत नाही; तो भोवतालच्या पायऱ्याही ठोकून पाहतो. घरातील आजीचा एक मणका खचला, तर तिच्या बाबतीतही तेवढी दक्षता घेतली जावी.