वस्तीचे श्रम आणि पालिकेचा पैसा

शहरातील प्रत्येक वस्तीत अशी एखादी जागा असतेच, की जी कागदोपत्री महापालिकेची असते आणि प्रत्यक्षात कोणाचीच नसते. नाल्याकाठची पट्टी, उड्डाणपुलाखालचा अंधार, बागेसाठी राखून ठेवलेला पण राडारोड्याने भरलेला कोपरा. ती सुधारावी असे सर्वांनाच वाटते. परंतु लाभ सर्वांचा आणि कष्ट मात्र पुढाकार घेणाऱ्याचे, असा हिशेब असल्यामुळे पुढाकार कोणी घेत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीच्या या पेचाची तर्कशुद्ध मांडणी केली. वस्तीतील गटांना महापालिकेने छोटी अनुदाने द्यावीत, ही कल्पना या पेचावरचा एक उतारा होय. तथापि, अनुदान द्यावे की नाही यापेक्षा ते कोणत्या अटीवर द्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील सिएटल शहराने १९८८ साली अशा अनुदानासाठी एक निधी उभारला. त्याची मूळ अट साधी होती: वस्तीने जेवढा वाटा उचलावा, तेवढाच पालिकेने द्यावा. मात्र हा वाटा रोख रकमेतच असावा, असा आग्रह धरला गेला नाही. बांधकामाचे साहित्य चालते, वास्तुविशारदाचा फुकट दिलेला सल्ला चालतो आणि फावडे घेऊन केलेले कामही चालते. श्रमाच्या प्रत्येक तासाची किंमत ठरलेली असून ती वस्तीच्या नावे जमा धरली जाते. अर्ज करावयाचा तो वस्तीच्या खुल्या संघटनेने. खासगी उद्योगाला वा राजकीय संघटनेला तेथे वाव नाही. फ्रेमॉण्ट भागातील एका पुलाखाली कचरा साचत असे आणि नको ते व्यवहार चालत. तेथे १९९० साली कलावंतांनी सुमारे १८ फूट उंचीचा काँक्रीटचा एक राक्षस उभारला. त्याच्या मुठीत चक्क खरीखुरी फोक्सवॅगन मोटार आहे! महापालिकेच्या पैशाने राक्षस उभारावा, हे कोणाही लेखापरीक्षकाला रुचणारे नाही. परंतु जी जागा लोक टाळीत, ती पाहण्यासाठी लोक येऊ लागले.

या योजनेचे मर्म श्रमाच्या मोजमापात आहे. केवळ रोख वाटा मागितला, तर बंगल्यांच्या वसाहतीला अनुदान मिळते आणि चाळीला मिळत नाही. श्रम मोजले, की चाळीकडेही काही भांडवल आहे हे मान्य होते. अर्थात येथेही एक मेख आहे. कारकुनाचा रविवार भरपगारी असतो. हमालाचा रविवार म्हणजे बुडालेली मजुरी. रोजंदारीवर जगणाऱ्या वस्तीकडून निम्म्या वाट्याची अपेक्षा करणे म्हणजे समतेच्या नावाखाली तिच्यावर कर बसवण्यासारखे आहे. तेथे वाटा कमी असावा, प्रसंगी नाममात्रच असावा. सर्वांना एकच नियम लावण्याची सोय प्रशासनाची असते, न्यायाची नव्हे.

महाराष्ट्रातील अनुभव या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. मुंबईत १९९७ पासून नागरिकांच्या स्थानिक व्यवस्थापन गटांची योजना चालली. कचऱ्याचे वर्गीकरण, रस्त्यांची निगा यांत काही गल्ल्यांनी नेटाने कामही केले. पण त्या गटांच्या हाती पालिकेने पैसा दिला नाही. मोकळ्या जागांच्या बाबतीत तर पालिकेने पैशाऐवजी जागाच देऊ केली. मैदाने आणि उद्याने संस्थांना दत्तक द्यावयाची व त्यांनी स्वखर्चाने ती सांभाळावयाची, हे ते धोरण. स्वखर्चाची ही अट पाहता जागा कोणाकडे जाणार, हे वेगळे सांगावयास नको. काही मैदानांवर क्लब उभे राहिले, काही राजकीय नेत्यांशी संबंधित संस्थांकडे गेली, आणि ज्या पोरांनी तेथे चेंडू खेळावयाचा ती फाटकाबाहेर राहिली. जानेवारी २०१६ मध्ये सुधारित धोरण मंजूर होताच असा क्षोभ उसळला, की मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, तेव्हाही हरकतींचा पाऊस पडला. सिएटलमध्ये पैसा पालिका देते आणि जागा सार्वजनिकच राहते. मुंबईत पैसा वाचला आणि जागेवरचा हक्क धोक्यात आला. ही काटकसर महागात पडली, असेच म्हणावे लागेल.

पुण्याने निराळी वाट धरली. २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील छोटी कामे सुचवावीत, अशी पद्धत तेथे सुरू झाली. पदपथ, बाके, दिवे, बसथांब्यांवरील निवारे अशी कामे लोकांनी सुचविली. पद्धत स्तुत्य खरी. पण सूचना दिली की नागरिकाचे काम संपते. पुढे निविदा, ठेकेदार आणि देयक. बाक कोठे हवे हे सांगणारा गृहस्थ ते बसविताना उपस्थित नसतो, आणि वर्षभराने त्याची फळी निखळली तर ती बसविण्याचे कर्तव्यही त्याला आपले वाटत नाही.

वस्तीच्या वाट्यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, तो खोटेपणाचा. तो निराधार नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी २००२ च्या स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलावा, अशी अट होती. अशा योजनांत लोकवर्गणी ठेकेदारानेच भरून टाकल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. श्रमाचे तासही असेच कागदावर फुगविता येतील. परंतु तपासणी ज्यांनी करावयाची ते शेजारीच राहतात, ही येथील जमेची बाजू. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी मंडळे पावतीपुस्तक ठेवतात, अहवाल छापतात, आणि जमाखर्चातील एखादी रक्कम खटकली तर त्याची चर्चा जिन्यात होते. श्रमाच्या तासांची यादी त्याच जागी फलकावर लावली, तर न आलेल्याचे नाव शेजारी लगेच ओळखतील.

अडचण खरी आहे ती देखभालीची. नव्या कामासाठी पैसा सहज मंजूर होतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. मे महिन्यात रोपांना घालावयाच्या पाण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. म्हणून अनुदानाचा करार एका वर्षाचा नसावा. पालिकेच्या रकमेचा काही भाग रोखून ठेवावा आणि तो दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी, झाडे जगलेली व दिवे लागलेले पाहून, त्याच गटाला द्यावा. पाणीपट्टी आणि विजेचे देयक कोणाच्या नावे यावयाचे, फाटक किती वाजता उघडावयाचे आणि ते कोणासाठीही बंद राहणार नाही याची हमी कोणी द्यावयाची, हे सारे पहिला हप्ता देण्यापूर्वीच करारात लिहिलेले असले पाहिजे.