रेषा धरून धावणारी गाडी

पांढऱ्या फ्लेक्सवर छापलेली किंवा इन्सुलेशन टेपने आखलेली काळी रेषा ओळखत स्वतःहून धावणारी छोटी गाडी म्हणजे लाइन फॉलोअर. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तीन-चार जणांच्या गटाने ती बांधतात आणि तंत्रमहोत्सवांत शर्यतीला उतरवतात. सांगाडा एकाकडे, सर्किट दुसऱ्याकडे, प्रोग्रॅम तिसऱ्याकडे अशी कामे वाटली जातात. मात्र बहुतेक बिघाड कोणा एकाच्या कामात नसतात. दोन कामे जिथे जोडली जातात तिथे ते निघतात.

गाडीच्या पुढच्या कडेला जमिनीलगत सेन्सरांची पट्टी असते. टीसीआरटी ५००० या प्रचलित सेन्सरात अवरक्त किरण सोडणारा एलईडी आणि परतलेले किरण टिपणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी असतात. पांढरा पृष्ठभाग किरण परतवतो, काळा शोषून घेतो. मात्र डोळ्यांना काळी दिसणारी प्रत्येक शाई अवरक्त किरण शोषतेच असे नाही, त्यामुळे मार्करने आखलेला सरावाचा ट्रॅक दगा देऊ शकतो. या सेन्सरचा प्रतिसाद सुमारे अडीच मिलिमीटरवर सर्वांत तीव्र असतो आणि अंतर वाढताच झपाट्याने घटतो. सांगाडा करणाऱ्याने पट्टी थोडी वर उचलली, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे सगळे आकडे बदलतात.

हे आकडे वाचण्याचे काम आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाचे. त्याच्या उनो प्रकाराला सहा अॅनालॉग इनपुट असतात, नॅनोला आठ. आठ सेन्सरांच्या पट्टीला म्हणूनच नॅनो सोयीचा पडतो. प्रत्येक वाचन ० ते १०२३ मध्ये येते. सेन्सरांना डावीकडून ०, १०००, २००० असे ७००० पर्यंत भार देऊन सरासरी काढली, की रेषा नेमकी कुठे आहे ते कळते. मधला बिंदू ३५००. त्यापासूनचा फरक ही गाडीची चूक.

ही चूक सुधारण्यातच खरी कसोटी आहे. रेषा डावीकडे सरकली की डावीकडे वळायचे, एवढाच नियम दिला तर गाडी नागमोडी जाते आणि वेग वाढताच रेषा सोडते. यावरची पीआयडी ही रीत जहाजांच्या सुकाणूशी जोडलेली आहे. निकोलस मिनॉर्स्की यांनी अमेरिकी नौदलासाठी काम करताना १९२२ मध्ये तिचे गणित मांडले. जहाज आत्ता किती भरकटले आहे, आधीपासून किती भरकटत आले आणि भरकटण्याचा वेग किती, या तिन्हींचा त्यात विचार असतो. प्रत्येक घटकाला त्याचा गुणांक असतो. लाइन फॉलोअरमध्ये मधल्या घटकाचा गुणांक बहुधा शून्यच ठेवतात. आधी पहिला गुणांक गाडी डोलू लागेपर्यंत वाढवायचा, मग तिसरा वाढवून ते डोलणे आटोक्यात आणायचे.

या गणिताचे उत्तर चाकांपर्यंत वेळेत पोहोचणेही तितकेच महत्त्वाचे. सेकंदाला एक मीटर धावणारी गाडी १० मिलिसेकंदांत एक सेंटिमीटर पुढे गेलेली असते. तपासणीसाठी घातलेली सीरिअल प्रिंटची ओळ तशीच राहिली, तर ९६०० बॉडला प्रत्येक अक्षरामागे सुमारे एक मिलिसेकंद जातो. बफर भरला की प्रोग्रॅम थांबून राहतो आणि वळण निसटते.

गाडीला सुकाणू नसते. दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी आणि आधाराला एक कॅस्टर. एक चाक मंद केले की गाडी त्या बाजूला वळते. मोटारींना वीज पुरवणारा स्वस्त एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो. दोन लिथियम सेलच्या ७.४ व्होल्टपैकी मोटारीला साडेपाचच्या आसपास मिळतात. टीबी६६१२एफएनजी या ड्रायव्हरमध्ये ही तूट बरीच कमी असते. मोटारी एकदम सुरू झाल्या की जास्त करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसते आणि आर्डुइनो रीसेट होतो. गट मग तासन् तास प्रोग्रॅम तपासत राहतो, आणि दोष बॅटरीत किंवा ढिल्या ग्राउंडच्या वायरीत सापडतो.

शर्यतीच्या जागी उजेड वेगळा असतो. सेन्सरवरचा फिल्टर दृश्य प्रकाश अडवतो, पण उन्हात अवरक्त किरणही असतात. त्यामुळे धाव सुरू होण्याआधी गाडी रेषेवरून डावी-उजवीकडे फिरवून प्रत्येक सेन्सरचे किमान आणि कमाल वाचन नव्याने साठवतात. गुणांकही बॅटरीवर अवलंबून असतात: भरलेल्या ८.४ व्होल्टवर बसवलेले गुणांक सेल उतरल्यावर अपुरे पडतात. म्हणून जाणते गट सराव आणि शर्यत या दोन्ही वेळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून गुणांकांशेजारी लिहून ठेवतात.