सुरगाण्यात वेब ॲप घडवायचे तर

सुरगाणा तालुक्यातल्या बोरगाव-हतगड पट्ट्यात स्ट्रॉबेरी होते. हंगामात सापुताऱ्याच्या रस्त्याकडेला ती विकायला मांडलेली असते, बाकीचा माल व्यापाऱ्याकडे जातो. कोणी किती किलो दिले, भाव काय लागला, पैसे कधी मिळाले याची नोंद ठेवणारे साधे वेब ॲप इथल्याच मुलाने किंवा मुलीने बनवावे, असे मला मनापासून वाटते. ते शिकणे अवघड नाही. अडचण येते ती साधने निवडताना. त्यांच्या तयार याद्या शहरातल्या फायबर इंटरनेटवर बसून केलेल्या असतात. डोंगराच्या आड रेंज जाते आणि पावसाळ्यात लाइट कधी येईल याचा नेम नसतो, तिथे पहिला प्रश्न निराळा असतो: नेट आणि लाइट दोन्ही नसताना हे साधन किती काम करू देईल?

लॅपटॉप आणि प्रणाली

बॅटरी धड असलेला जुना लॅपटॉप नव्या डेस्कटॉपपेक्षा इथे जास्त उपयोगी. रॅम ८ जीबी असावी. ४ जीबीवर काम होते, पण ब्राउझरच्या टॅब मोजून उघडाव्या लागतात. विंडोज १० च्या नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी. ती मोफत आहे, हलकी आहे आणि पेनड्राइव्हवरून नेटशिवाय इन्स्टॉल होते.

डॉकरचा आग्रह सुरुवातीला नको. प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात चालवण्याची त्याची सोय उत्तम आहे, पण त्याच्या प्रतिमा शेकडो एमबींच्या असतात आणि विंडोजवर तो बरीच रॅम अडवून बसतो. एकट्याने काम करताना पायथॉनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुरते.

कोड कुठे लिहायचा

व्हीएस कोड चांगला आहे. तो मोफत आहे आणि नेटशिवाय चालतो, एक्स्टेन्शनही फाइल म्हणून आणून टाकता येतात. यंत्र फारच अशक्त असेल तर जीनी वापरा. एडिटरपेक्षा महत्त्वाचे आहे ते संदर्भसाहित्य. कोड सुचवणारे एआय सहाय्यक बहुतेक करून नेटवर अवलंबून असतात, म्हणून भाषेची आणि चौकटीची (फ्रेमवर्कची) अधिकृत माहिती आपल्या डिस्कवर हवीच. झील नावाचे मोफत साधन ती उतरवून ठेवते आणि ऑफलाइन शोधू देते. मराठी दाखवायला नोटो सान्स देवनागरी फॉन्ट इन्स्टॉल करून ठेवा.

गिट

यात पर्याय शोधत बसू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले, तेव्हाच त्याची रचना अशी केली की प्रकल्पाचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर राहील. त्यामुळे कमिट करणे, जुनी आवृत्ती पाहणे, नवी शाखा काढणे ही सगळी कामे रेंज नसताना होतात. रेंज मिळाली की पुश करावे. अनेक जण गिट आणि गिटहब एकच समजतात आणि नेट नसले की काम थांबवतात. गिटहब हे गिटचे प्रकल्प ठेवण्याचे २००८ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ आहे. गिटला त्याची गरज नाही. दोघे मिळून काम करत असतील आणि दोघांकडेही नेट नसेल, तर गिटच्या बंडल या आज्ञेने सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर देता येतो.

भाषा आणि चौकट

माझी शिफारस पायथॉन आणि जँगो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जँगो घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातमीदारांना माहिती भरण्याचे पडदे झटपट हवे असत, म्हणून लॉगिन, फॉर्म, नोंदी भरण्याचा ॲडमिन पडदा हे सगळे त्यात मुळातच आहे. आपली खरेदी-नोंद साधारण त्याच जातीची आहे. शिवाय जँगोच्या स्वतःच्या सूचनांचे मराठी भाषांतर त्यासोबतच येते.

नोड आणि जावास्क्रिप्टचा रस्ता वाईट नाही. नोकरीच्या बाजारात त्याला मागणी आहे. पण तिथे छोट्या छोट्या पॅकेजांची साखळी फार लांब जाते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरातल्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. जिथे एखादे पॅकेज उतरवायला डोंगर चढून रेंज शोधावी लागते, तिथे साखळी आखूडच बरी.

पॅकेजे कशी आणायची तेही आधी ठरवा. नाशिकला गेलात की पिपच्या डाउनलोड आज्ञेने लागणारी सगळी पॅकेजे, आवृत्ती-क्रमांक पक्के करून, एका फोल्डरात उतरवा. घरी त्याच फोल्डरातून नेटशिवाय इन्स्टॉल होते.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण अभ्यासावे. मुंबईच्या रुशभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत व्यवसाय-सॉफ्टवेअर घडवले. ते पायथॉन, जावास्क्रिप्ट, मारियाडीबी आणि रेडिस यांवर चालते. मोठ्या कंपनीचा हिशेब पेलायला ही सगळी यंत्रणा लागते. त्याच कंपनीच्या फ्रॅपे बुक्स या छोट्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये मात्र डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट आहे आणि ते एका संगणकावर नेटशिवाय चालते. एकाच घरातल्या लोकांनी वापरणारा पाहून साधने बदलली.

डेटाबेस

सुरुवात एसक्यूलाइटनेच करावी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेला हा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एकच फाइल. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. व्यवहार अर्धा झाला असताना लाइट गेली, तर पुढच्या वेळी फाइल उघडताना तो अर्धा व्यवहार मागे घेतला जातो. एक पथ्य पाळा: ॲप चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करून बॅकअप घेऊ नका, एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरा. अनेक जण एकाच वेळी नोंदी भरू लागले की पोस्टग्रेस. जँगोत हा बदल फार जड जात नाही.

बाऱ्हे शोधले आणि सापडले नाही

शहरी याद्यांत न सापडणारा भाग हा. आपल्या तालुक्यात बाऱ्हे नावाचे गाव आहे. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. एकाने एका कळफलकावर गाव भरले, दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून शोधले, की बाऱ्ह्याच्या शेतकऱ्यांच्या नोंदी गायब झाल्यासारख्या दिसतात.

साध्या र ला खाली नुक्ता जोडूनही ऱ तयार होतो. तो फरक युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने मिटतो आणि पायथॉनमध्ये त्याची सोय तयार आहे. जोडचिन्हाचा फरक मात्र त्याने मिटत नाही. र, हलन्त, जोडचिन्ह अशी मालिका दिसली की तिचे ऱ आणि हलन्त करणारी ओळ आपणच लिहायची आणि साठवताना व शोधताना, दोन्ही वेळा ती चालवायची. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबले की थेट ऱ येतो, म्हणून टंकलेखनासाठी तोच शिकावा. गावांची नावे हाताने भरून घेण्यापेक्षा यादीतून निवडायला लावावीत.

दुसरी गोष्ट क्रमाची. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे. एसक्यूलाइट मुळात अक्षरांच्या युनिकोड-क्रमांकांवरच क्रम लावतो, त्यामुळे पळसे आडनाव पवारच्या आधी येते. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयूचे भाषावार क्रम वापरता येतात आणि त्यात मराठीही आहे. यादी छोटी असेल तर तोच क्रम पायथॉनमधून लावावा. वर्णानुक्रमाच्या यादीत माणसाला आपले नाव जिथे अपेक्षित आहे तिथे सापडलेच पाहिजे.

फोनवर तपासणी

ॲप वापरणारा शेतकरी अँड्रॉइड फोनवरच असणार. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये संथ नेट किंवा ऑफलाइन अवस्थेची नक्कल करता येते, पण खरा फोन जोडून पाहाच. यूएसबी केबल लावा, क्रोमच्या डेव्हलपर साधनांतले पोर्ट फॉरवर्डिंग सुरू करा. लॅपटॉपवर चालणारे ॲप फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. नेट नसताना ॲप उघडे ठेवणारा सर्व्हिस वर्कर ब्राउझर फक्त सुरक्षित पत्त्यावर किंवा लोकलहोस्टवर चालू देतो. केबलमुळे फोनलाही तो पत्ता लोकलहोस्टच दिसतो.

रेंज नसताना भरलेल्या नोंदी फोनच्या ब्राउझरमधल्या इंडेक्स्डडीबीत साठतात आणि नंतर सर्व्हरकडे जातात. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक अद्वितीय ओळखक्रमांक द्या. तीच नोंद दोनदा पोहोचली तर सर्व्हर दुसरी नाकारू शकेल. तपासताना केबल काढून दहा नोंदी भरा. मग केबल लावा, नोंदी जात असतानाच ती पुन्हा काढा, परत लावा, आणि डेटाबेसमध्ये बरोबर दहाच आल्या आहेत का ते मोजा.