चौदाव्या दिवसाची त्रुटी

सकाळी ८.२०
वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत उभी आहे. कुठल्या दिशेला चाललेय ते सांगत नाही. मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर-मुलुंडचा माणूसही महसुलाच्या लेखी कुर्ल्याचाच. तेव्हा दिशा सांगितली की ऑफिस कळलंच. मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे आणि दाखल्यांचं टेबल माझ्याकडे आहे. जून महिना, त्यात तिसरा सोमवार, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा तालुक्याचा लोकशाही दिन. शिवाय शनिवार-रविवारी ‘आपले सरकार’वर आलेले अर्ज साचलेले असणार. पोर्टलला साप्ताहिक सुट्टी नसते.

९.४५
बोट टेकवून हजेरी. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि वेळ झाली पावणेदहा ते सव्वासहा. सरकारी माणसाचं काम मोजायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत. माणूस खुर्चीपर्यंत पोहोचला, एवढं तिच्यातून कळतं.

१०.००
लॉगिन. मुदत संपत आलेले अर्ज आधी काढायचे, हा आमचा रिवाज. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ही मुदत नुसती फलकावर न ठेवता कायद्यात आणली. मुदतीत दाखला द्या, नाहीतर कारण लिहून नाकारा. सबळ कारणाशिवाय दोन्ही केलं नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण मुदत मोजायला लागलात की टेबल मुदतीपुरतं शहाणं होतं. चौदाव्या दिवशी अर्ज उघडायचा, रेशन कार्डाचं मागचं पान दिसत नाही म्हणून ‘त्रुटी’ मारायची आणि परत पाठवायचा. आमच्या यादीतून अर्ज गेला. माणूस पान जोडून पुन्हा पाठवतो तेव्हा दिवस पहिल्यापासून सुरू. महिन्याच्या अहवालात ‘मुदतीत निर्गती’चा रकाना भरलेला आणि तिकडे कॉलेजचा प्रवेश टांगणीला. ही चलाखी आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चालली. कोणी कट केला नव्हता. जे मोजलं जात होतं ते आम्ही नीट करत होतो, एवढंच.

११.३०
लोकशाही दिनापेक्षा खिडकीवर गर्दी जास्त. एक बाई मुलाला घेऊन आल्यात, नॉन-क्रिमीलेअरसाठी.

“मॅडम, तिसऱ्यांदा येतेय. दर वेळी नवीन कागद सांगतात.”

“ताई, पहिल्या वेळी काय सांगितलं होतं?”

“तीन वर्षांचं उत्पन्न. ते आणलं. मग म्हणाले, वडिलांचा जातीचा दाखला. तोही आणला. आता म्हणतात नाव वेगळं दिसतंय, प्रतिज्ञापत्र करा.”

नाव खरंच वेगळं होतं, एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी. पण तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. बाई घरकामाला जातात, म्हणजे प्रत्येक हेलपाट्याला अर्ध्या दिवसाचा खाडा. आमच्या कुठल्याही रजिस्टरात या खाड्याला रकाना नाही. कार्यविवरण नोंदवहीत नाही, ई-ऑफिसमध्ये नाही आणि वर जाणाऱ्या गोषवाऱ्यात तर नाहीच.

१.३०
डबा. निवृत्तीला आलेले एक सहकारी लखिना पॅटर्नचा विषय काढतात, दर आठवड्याला काढतात. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावायची, टेबलं मांडायची आणि कामं वाटून द्यायची पद्धतच बदलली. पुढे चंद्रकांत दळवींनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवायची पद्धत, आणली. दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धत तर आम्ही सगळेच शिकलो. या माणसांनी नुसते आकडे मागवले नाहीत, कागद कुठे अडतो ते टेबलाशी जाऊन बघितलं, असं सहकाऱ्यांचं म्हणणं. मला पटतं.

मग गाडी २०२५ च्या १०० दिवसांवर येते. त्या जानेवारीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारी कार्यालयांना १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला: संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक आणि क्षेत्रीय भेटी. गुण द्यायला भारतीय गुणवत्ता परिषद आली आणि १ मे रोजी निकाल लागला. विभागांत महिला व बालविकास पहिला, महापालिका आयुक्तांत उल्हासनगर. परीक्षक बाहेरचा, हे यातलं मोलाचं. आमची आम्हीच तपासणी केली की सगळेच पास होतात. कालबाह्य गठ्ठे हलले, बसायला बाकं आली, बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी लागली. कडीला हसू नका, आम्ही तिच्यासाठी अर्ज देऊन थकलो होतो. पण स्वच्छतेचा फोटो काढता येतो. खिडकीवरच्या त्या ताईंचा तिसरा हेलपाटा फोटोत येत नाही.

३.००
साहेबांकडे बैठक. साहेब नवे. आल्यावर त्यांनी एक विचित्र हुकूम दिला: निर्गतीचे टक्के मला सांगू नका, त्रुटी मारलेल्या अर्जांची कारणं हाताने लिहून काढा. आम्ही कुरकुरलो, पण लिहिली. यादी बघितल्यावर कळलं की कारणं पुष्कळ नाहीतच, फिरून फिरून तीच ती. रेशन कार्डाचं अर्धं पान, मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा पुरावा, नावातला फरक, अस्पष्ट स्कॅन. त्यातल्या बऱ्याच चुका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवरच होत होत्या. साहेबांनी केंद्रवाल्यांना बोलावून कागद दाखवून समजावलं, खिडकीवर मराठीत मोठ्या अक्षरात यादी लावली आणि दोन नियम केले. अर्ज आल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या आत उघडायचा, आणि त्रुटी काढायची तर सगळ्या एकाच वेळी काढायच्या. दुसरी त्रुटी मारायची असेल तर फाईल घेऊन स्वतः त्यांच्याकडे जायचं. त्यांच्या केबिनपर्यंत चालत जायची लाज मेमोपेक्षा जास्त काम करते.

याला पैसा लागला नाही, सॉफ्टवेअरही लागलं नाही. सकाळच्या ताईंचा अर्ज मात्र या नियमांच्या आधीचा, तो मी आजच्या बैठकीत नावानिशी मांडला. साहेबांनी उद्याची तारीख दिली.

५.००
कार्यमूल्यमापन अहवालाचं स्वयंमूल्यांकन भरायचं राहिलंय. पूर्वी याला गोपनीय अहवाल म्हणायचे, आता ‘महापार’ प्रणालीवर ऑनलाइन. वर्षभरात काय केलं ते लिहायचं, साहेब दहापैकी गुण देणार. मी ‘मुदतीत निर्गती’ लिहिलं की गुण मिळतात. ‘दुसऱ्यांदा यावं लागलेले अर्जदार कमी झाले’ असं लिहिलं तर पडताळायचं कशावरून, हा प्रश्न येतो. पोर्टल प्रत्येक परत पाठवलेल्या अर्जाची नोंद ठेवतंच. तो आकडा तालुकावार प्रसिद्ध करायला कोणाची हरकत असावी? साहेबांची बदली झाली की नियम टिकतील का, हे मला माहीत आहे, आणि उत्तर चांगलं नाही. म्हणूनच तो आकडा एका माणसाच्या मर्जीवर राहू नये.

६.१५
दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा विनाकारण नाकारला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. फार थोडे लोक करतात. बाकीचे एजंट शोधतात नाहीतर ओळख काढतात, आणि आमच्या अहवालात सगळं आलबेल राहतं. अर्जाची पावती जपून ठेवा आणि मुदत उलटली की अपील करा. आमच्यावर राग म्हणून नाही, पण अपिलांचा, बाहेरून येणारा तेवढाच एक आकडा आम्हाला खाली-वर करता येत नाही.