बखरकाराचा हेतु व त्याची दृष्टि

एखादें जुनें बाड हातीं आलें म्हणजे संग्राहकाच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं यांतील मजकूर खरा कीं खोटा? प्रश्न योग्य आहे. परंतु तो पहिला नव्हे. हें कोणीं लिहिलें, कोणासाठीं लिहिलें व लिहितांना लेखक कोणत्या बाजूस उभा होता, हे तीन प्रश्न त्याच्या आधींचे होत. त्यांचा विचार न करितां खऱ्याखोट्याचा निवाडा केला, तर भोळा वाचक फसतो आणि संशयी वाचक चांगलें साधन हातचें घालवितो.

कै. वि. का. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, व त्याच्या प्रस्तावनेंत अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घासून त्यांतील प्रमाद दाखविले. समकालीन पत्र तें अव्वल व बखर ती दुय्यम, हा दंडक तेव्हांपासून दृढ झाला. दंडक रास्त आहे. परंतु त्यावरून बखर म्हणजे रद्दी असें अनुमान कित्येकांनीं काढलें, तें मात्र रास्त नाहीं. हेतु पत्रासही असतो. वकील आपल्या धन्यास लिहितो तेव्हां आपली कामगिरी उणी दिसूं देत नाहीं. हेतु आहे म्हणून साधन टाकावयाचें नसतें. तो ओळखून त्याची वजावाट करावयाची असते. ही वजावाट कशी करावी, हें तीन उदाहरणांनीं पाहूं.

पहिलें उदाहरण कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीचें. ही बखर इ. स. १६९७ च्या सुमारास चंदी (जिंजी) येथें छत्रपति राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. त्या वेळची स्थिति ध्यानांत आणावी. संभाजीमहाराजांचा वध इ. स. १६८९ त झालेला. रायगड शत्रूच्या हातीं गेलेला. आणि चंदीस मोंगलांचा वेढा इ. स. १६९० पासून पडलेला. अशा स्थितींत पुत्रानें पित्याचा पराक्रम विचारला आणि जुन्या सेवकानें तो सांगितला. यामुळें या बखरींत तिथी-मितींची काटेकोर नोंद नाहीं व प्रसंगांचा क्रम कोठें कोठें चुकतो. पण किल्ले, कारखाने, खजिना व अधिकारी यांच्या याद्या मात्र सविस्तर येतात. राज्य कसें उभें राहिलें व त्याचें सामर्थ्य किती होतें, हें पुत्रास दाखवावयाचें होतें. कालगणना सांगावयाची नव्हती.

याच बखरींत शिवाजीमहाराजांच्या अंतकाळच्या भाषणांत पुढें येणाऱ्या विपत्तीचें व राज्याच्या पुनरुद्धाराचें भविष्य वदविलें आहे. इ. स. १६८० सालच्या घटनेचा पुरावा म्हणून त्याची किंमत अल्प आहे, कारण लेखकास पुढील सतरा वर्षांचा इतिहास ठाऊक होता. परंतु प्रश्न बदलून पाहावा. वेढ्यांत सांपडलेल्या चंदीच्या दरबारास कोणत्या आशेचा आधार वाटत होता? या प्रश्नास तेंच भाषण उत्तम साक्ष देतें. जो उतारा एका सालासाठीं निरुपयोगी, तोच दुसऱ्या सालासाठीं मोलाचा ठरतो.

दुसरें उदाहरण मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचें. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं साताऱ्यास तयार झाली, म्हणजे वर्णिलेल्या काळानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. लेखक बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज; आणि बाळाजी आवजींस संभाजीमहाराजांनीं इ. स. १६८१ त देहान्त शिक्षा दिलेली. या बखरींत चिटणिसांच्या घराण्याची सेवा उठावदार कां दिसते व संभाजीमहाराजांचें चित्र काळवंडलेलें कां दिसतें, याचा उलगडा येथें होतो. पुढें वा. सी. बेंद्रे यांनीं दीर्घकाल साधनें जमवून संभाजीमहाराजांचें चरित्र इ. स. १९६० मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां या चित्रांत मोठा पालट झाला. दीड शतक एका घराण्याच्या दृष्टीनें एका छत्रपतीकडे पाहिलें गेलें. हेतु न ओळखल्याची किंमत केवढी पडते, हें यावरून कळावें. तरीही ही बखर टाकाऊ नव्हे. चिटणिशीच्या कामाचें स्वरूप व दरबारच्या चालीरीति या बाबतींत त्या घराण्याची माहिती आंतली आहे.

तिसऱ्या उदाहरणांत हेतूपेक्षां जागेचा विचार मुख्य आहे. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्याचा एक वृत्तांत काशीराज पंडित यानें इ. स. १७८० त फारसींत लिहिला. हा स्वतः दक्षिणी ब्राह्मण. पण चाकर शुजाउद्दौल्याचा, व युद्धकाळीं राहिला अबदालीच्या बाजूच्या छावणींत. तहाच्या बोलण्यांत त्याचा हात होता. म्हणून शुजाच्या डेऱ्यांत काय घडलें याविषयीं त्याचें सांगणें प्रत्यक्षाचें. भाऊसाहेबांच्या डेऱ्यांत काय घडलें याविषयीं तें ऐकीव. लेखक एकच, लेख एकच. परंतु पानागणिक प्रामाण्य बदलतें. शिवाय धनी शुजा असल्यामुळें शुजाचें वर्तन सौम्य रंगांत येतें, हेंही विसरूं नये.

यावरून संग्राहकांनीं कांहीं गोष्टी पाळाव्या. बाडाचें पहिलें व शेवटचें पान कितीही जीर्ण असो, तें वेगळें होऊं देऊं नये. लिहविणाऱ्याचें नांव, स्थळ व शक बहुधा तेथेंच असतात. रचनेचा शक व नकलेचा शक हे निराळे टिपावे. 'पाहिलें' व 'ऐकिलें' या अर्थाचे शब्द कोठें येतात तें समासांत खुणावावें. कोणाचें नांव बहुमानानें येतें, कोणाचें एकेरी, आणि ज्याचा उल्लेख यावयास हवा तो कोठें गाळला आहे, हें पाहावें. एकाच बखरीच्या दोन नकला मिळाल्यास 'पाठ तोच' म्हणून एक टाकूं नये. नक्कल करणाराही आपल्या धन्याच्या सोयीनें चार ओळी घालतो व दोन वगळतो, आणि तो फेरफार दुसऱ्या नकलेवांचून उघडकीस येत नाहीं.

साक्षीदार पक्षपाती आहे म्हणून न्यायाधीश त्यास दाराबाहेर घालवीत नाहीं. तो कोणाचा नातलग व कोणाचा चाकर हें विचारून घेतो व मग त्याची जबानी लिहितो. बखरीसही हाच न्याय लावावा.